कर्जाची फाइल एआयने वाचली तर सही कोणाची?

आर्थिक प्रश्नोत्तरांच्या या सदराकडे अलीकडे एआयविषयीची पत्रे वाढली आहेत. कोल्हापूर परिसरातून आलेल्या तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नाचा संबंध अनेक संस्थांशी येत असल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत कर्जमागणीसोबत सातबारा, उसाच्या बिलांचे तपशील, तीन वर्षांचे ताळेबंद असे बरेच कागद येतात. हे सर्व एआयला वाचायला द्यावे आणि कर्ज मंजूर करावे की नाही हेही त्यालाच विचारावे, असे एका संचालकांनी सुचवले आहे. असे करणे योग्य आहे का? (पतसंस्थेचे सचिव, राजारामपुरी)

उत्तर : वाचनासाठी मदत जरूर घ्यावी, निर्णय मात्र विचारू नये. चॅटबॉटमागची ही एआय प्रणाली, म्हणजेच भाषिक मॉडेल्स, प्रचंड मजकुरावरून शिकलेली असतात आणि समोरच्या मजकुरापुढे काय येणे संभवते याचा अंदाज बांधत उत्तर लिहितात. त्यामुळे कागद समोर ठेवून त्यात काय आहे असे विचारले, तर उत्तर पुष्कळदा उपयोगी पडते. कागद न देता विचारले, तर अस्तित्वात नसलेला आकडाही ती तितक्याच ठाम भाषेत लिहून देतात. वित्तीय माहिती पुरवणाऱ्या ब्लूमबर्ग कंपनीने मार्च २०२३ मध्ये ५० अब्ज पॅरामीटर्सचे (म्हणजे शिकताना ठरत जाणाऱ्या अंतर्गत आकड्यांचे), वित्तीय मजकुरावर भर देऊन शिकवलेले मॉडेल जाहीर केले. त्याची परीक्षा घेण्यासाठी निवडलेली कामेही बातमीचा रोख ओळखणे, मजकुरातील कंपन्यांची नावे वेगळी काढणे, अहवालावरील प्रश्नांना उत्तरे देणे अशी, म्हणजे मुख्यतः वाचनाचीच होती.

आपल्याकडच्या कागदांत मात्र काही खास अडचणी आहेत. सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते, तर अर्जदार एकर आणि गुंठ्यांत बोलतो. सुमारे ४० आर म्हणजे एक एकर. त्यामुळे ‘आर’ ऐवजी ‘एकर’ वाचले गेले, तर तारणाचे क्षेत्र थेट चाळीसपट दिसेल. जमिनीवरील बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो आणि जुन्या, अस्पष्ट स्कॅन केलेल्या प्रतीत नेमका तोच मजकूर वाचायचा राहून जाऊ शकतो. ताळेबंदाच्या कोपऱ्यात ‘रुपये लाखांत’ एवढेच लहान अक्षरांत छापलेले असते. ते सुटले, तर पुढचे सगळे विश्लेषण वाचायला सुबक आणि मुळातून चुकीचे होते. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या पानावरून घेतला हे मागावे, ते पान कर्मचाऱ्याने स्वतः उघडून पाहावे आणि बेरजा-टक्केवारी एक्सेलमध्येच कराव्यात. सुरुवात नव्या अर्जांपासून करू नये. ज्यांचा शेवट आपल्याला ठाऊक आहे अशी, फेडली गेलेली आणि थकीत गेलेली जुनी प्रकरणे आधी वाचायला द्यावीत, म्हणजे मॉडेल काय पाहते आणि काय सोडते हे आपल्याच कागदांवर कळेल.

निर्णयाबाबत माझे मत ठाम आहे. एकच प्रकरण थोड्या वेगळ्या शब्दांत विचारले, तर मॉडेलचा कौल बदलू शकतो. कर्ज समितीला असे चालणार नाही, कारण तिच्या ठरावाखाली माणसांच्या सह्या असतात आणि कर्ज बुडाले तर ठेवीदार त्या माणसांनाच जाब विचारतात. पतसंस्थांतील ठेवींना बँकांप्रमाणे पाच लाखांपर्यंतचे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते, हे लक्षात घेता ही जबाबदारी अधिकच मोठी ठरते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली वित्तीय क्षेत्रातील एआयच्या वापराविषयी समिती नेमली होती. ऑगस्ट २०२५ मधील तिच्या अहवालात सात तत्त्वे सांगितली आहेत. उत्तरदायित्व आणि निर्णयाची समजण्याजोगी मांडणी ही त्यांपैकीच दोन आहेत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या देखरेखीखाली असल्या, तरी ही दोन तत्त्वे त्यांनी स्वीकारायला काहीच हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. सभासदांचे आधार व पॅन क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक झाकल्याशिवाय कोणताही कागद मोफत चॅटबॉटवर चढवू नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता, तरीही सभासदाने विश्वासाने दिलेला कागद परस्पर बाहेर पाठवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी लहान फाउंड्री आहे. खेळत्या भांडवलासाठी केलेला अर्ज एका बँकेने ‘सिस्टीममध्ये बसत नाही’ असे तोंडी सांगून नाकारला. हा एआयचा निर्णय असेल का? दाद कोठे मागावी? (एक उद्योजक, शिरोली)

उत्तर : बहुधा तो गप्पा मारणाऱ्या मॉडेलचा निर्णय नसेल. कर्जाचा धोका मोजण्यासाठी बँका प्रामुख्याने संख्याशास्त्रीय गुणांकन वापरतात. त्यात क्रेडिट स्कोअर, जीएसटी विवरणपत्रे, खात्यातील उलाढाल, हप्त्यांची शिस्त अशा गोष्टींना गुण दिले जातात. मोठी भाषिक मॉडेल्स त्याच्या आजूबाजूला, म्हणजे कागदांतून माहिती उचलणे, टिपण तयार करणे, ग्राहकाला पत्र लिहिणे या कामांत येऊ लागली आहेत. धोका मला याच शेवटच्या कामात जास्त दिसतो. गुणांकनाने अर्ज एका कारणाने नाकारला आणि पत्र लिहिणाऱ्या मॉडेलने पटेल असे दुसरेच कारण लिहिले, तर अर्जदार नसलेली चूक दुरुस्त करत बसेल.

म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नका. कर्जअर्ज नाकारल्यास मुख्य कारणे लेखी कळवावीत, हे रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत व्यापारी बँकांना सांगितलेले आहे आणि २००७ पासून ते सर्व प्रकारच्या कर्जांना लागू आहे. आधी शाखेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. दरम्यान स्वतःचा क्रेडिट अहवाल मागवा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. फेडलेले कर्ज त्यात थकीत दिसत असेल, तर दुरुस्तीची तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दररोज शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. जीएसटी विवरणपत्रातील विक्री आणि बँक खात्यातील जमा यांत फरक असेल, तर उधारीची मुदत, परत आलेला माल अशी त्याची कारणे एका पानावर लिहून अर्जासोबत जोडा. गुणांकनाला असा खुलासा समजत नाही. तो वाचणारा अधिकारी मिळेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

प्रश्न : निवृत्तीचे पैसे कोणत्या शेअरमध्ये घालावेत हे चॅटबॉट सांगतो, आणि एआयच्या मदतीने खात्रीशीर परतावा देणाऱ्या योजनेचा एका मोठ्या अधिकाऱ्याचा व्हिडिओही मला आला आहे. विश्वास ठेवावा का? (निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ)

उत्तर : व्हिडिओवर अजिबात ठेवू नका. गव्हर्नरांचे बनावट व्हिडिओ फिरत असल्याचा इशारा स्वतः रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला होता. शेअर बाजारात खात्रीशीर परतावा असे काही नसते. पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवा.

चॅटबॉटकडून म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकातील खर्चाचे प्रमाण किंवा बाहेर पडण्याचे शुल्क समजून घ्यायला हरकत नाही. मात्र ते माहितीपत्रक आपण स्वतः त्याला द्यावे. शेअर निवडायचा असेल, तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी असलेला सल्लागार गाठा. तो एआय वापरत असेल, तर किती वापरतो हे त्याने ग्राहकाला सांगितले पाहिजे आणि सल्ल्याची जबाबदारीही त्याचीच राहते, असे सेबीच्या डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीत स्पष्ट आहे. त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे देण्यापूर्वी तो अवश्य तपासा.