आधी कळलावी, मग सुतार

अरे, रानातलं बघायला आणि फोटो काढायला शिकतोयस ना, मग सुरुवातीलाच सुतार पक्ष्याच्या मागे नको लागूस, आधी कळलावीची वेल बघ. गणेश चवथीच्या आसपास कुंपणावर चढलेली सापडते, पळून कुठे जात नाही, मोबाईलवर पण मस्त फोटो येतो. नीट बघितलंस तर एकाच वेलीवर नुकतं उमललेलं फूल हिरवट-पिवळं आणि जुनं झालेलं लालभडक दिसेल, पाकळ्या सहाच्या सहा मागे वळलेल्या, आणि पानाचं टोक बघ, तेच वळून आधार पकडतं. फक्त कंद बिंद उकरू नकोस आणि हाताळलंस तर हात धू, अख्खी वेल विषारी असते.

आता सुतार. त्याचं उलटं आहे, तो दोन सेकंद दिसतो आणि खोडाच्या पलीकडे सरकतो, त्यामुळे काय बघायचं ते आधीच ठरवून जायचं. गोव्यात बोंडला किंवा मोलेच्या अभयारण्यात सोनेरी पाठीचा दिसला की सगळे पाठच बघत बसतात, पण एकाहून जास्त जातींची पाठ सोनेरीच की! तू शेपटीच्या अगदी वरचा भाग बघ, काळा असेल तर नेहमीचा सोनपाठी, लाल असेल तर बहुतेक मोठा सोनपाठी. मग डोकं. नेहमीच्या सोनपाठीत नराचा माथा पूर्ण लाल, मादीचा पुढचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. महागडी लेन्स आत्ता घेऊ नकोस, साधी आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची) दुर्बीण पुरे, आणि पावसात पानं गच्च असताना नाही, जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी लवकर जा.