वय ३१, एलएलएम, घरून पैसा नाही: व्यवसाय आणि कायद्यात फेलोशिपसह पीएचडी होईल का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी नागपूरचा. बी.कॉम., एलएलबी, एलएलएम ५८ टक्के. वय ३१. धंतोलीत एका सीएंच्या ऑफिसात काम करतो. व्यवसाय आणि कायदा, दोन्ही धरून पीएचडी करायची आहे. फेलोशिप मिळते का? अर्ज कुठे करू?"

मिळते. पण आधी तुमच्या प्रश्नातल्या त्या 'आणि'चं काय ते ठरवा. आपल्याकडे पीएचडीची नोंदणी एका विषयात होते. गाइड त्या विषयाचा मान्यताप्राप्त लागतो आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा पेपरही त्याच विषयाचा. तुमची पदव्युत्तर पदवी एलएलएम, एम.कॉम. नाही, म्हणजे वाणिज्याचं दार बंद, कायद्याचं उघडं. ५५ टक्क्यांची अट तुम्ही पार केलेलीच आहे. कायद्यात नोंदणी करून धंद्याच्या प्रश्नावर काम करायला कुणी अडवत नाही. मी तेच केलं.

तिशी ओलांडली म्हणून जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) गेलं असं तुम्ही धरलं असेल. जेआरएफला मर्यादा ३० वर्षांची खरी, पण एलएलएमवाल्यांना त्यात ३ वर्षांची सवलत आहे, आणि ही ओळ नेटच्या माहितीपत्रकात कुठेतरी मध्येच असल्यामुळे निम्मे वकील ती वाचतच नाहीत. (महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं, पण सगळ्या सवलती मिळून ५ च्या वर जात नाहीत.) तुमच्या हातात अजून दोनेक वर्षं आहेत, आणि नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २००, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेआरएफ लागलं तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. नुसतं 'पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असा निकाल आला तरी तो वाया जात नाही. २०२४ पासून तो गुण वर्षभर प्रवेशासाठी चालतो: ७० टक्के भार परीक्षेला, ३० मुलाखतीला.

तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून राज्य सरकारच्या फेलोशिप देणाऱ्या संस्था प्रवर्गानुसार सांगतो. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी गटासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच. आपल्याकडचे कुणबी सारथीतही बसतात आणि ओबीसी म्हणून महाज्योतीतही. दोन्हीकडे हात घालू नका, एकीकडचीच घेता येते. या फेलोशिप नोंदणी झाल्यावर मिळतात, नोंदणीआधी नाही. जेआरएफ आधी मिळवून ठेवता येतं. सगळा क्रम या फरकावर ठरतो. प्रवर्ग कोणताही असो, आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप पाहून ठेवा. महिना २०,००० आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

आता विषय. माझा पहिला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, होता 'भारतातील लघुउद्योग आणि कायदा: एक अभ्यास'. आरआरसीत, म्हणजे हे आराखडे तपासणाऱ्या समितीत, एका बाईंनी विचारलं, "यात प्रश्न कुठला आहे?" मला सांगता आलं नाही. परत पाठवला.

त्याच उन्हाळ्यात मामांकडे गेलो. त्यांचा बुटीबोरीला छोटा कारखाना. एका मोठ्या खरेदीदाराकडे नऊ महिन्यांपासून बिल थकलेलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करा, ९० दिवसांत निकालाची तरतूद आहे. मामा म्हणाले, "तक्रार केली का पुढची ऑर्डर बंद. मंग मी परिषदेत बसू का कारखाना चालवू?" झालं, मला प्रश्न मिळाला. कायदा बाजूनं असूनही लहान पुरवठादार तो वापरत का नाहीत? दुसरा सिनॉप्सिस चार पानांचा होता आणि पंधरा मिनिटांत मंजूर झाला.

तुमच्याकडे तर याहून ताजा मसाला पडून आहे. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं: सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. मार्चअखेरीस तुमच्या ऑफिसात काय धावपळ झाली असेल ते तुम्हीच पाहिलं असणार. खरेदीदारांनी बिलं लवकर दिली, की लहान उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी नसलेला पुरवठादार शोधला? लहान पुरवठादारांनी नोंदणीच रद्द करून घेतली का? हा कायद्याचाही प्रश्न आहे आणि धंद्याचाही. मात्र ऑफिसातल्या अशिलांचे कागद परवानगीशिवाय वापरू नका, नाहीतर पीएचडीआधी नोकरी जाईल. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, बसून या विषयावर कोणी काय केलंय ते आधी पाहा.

गाइडकडे जाताना हा प्रश्न एका पानावर लिहून घेऊन जा, नुसता बायोडेटा नको. आणि पहिलाच प्रश्न जागेचा विचारा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी, त्यापुढे नाही. मी ज्यांच्याकडे वर्षभर चकरा मारल्या त्यांच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

अमरावती रोडवरच्या आपल्या नागपूर विद्यापीठाशिवाय वारंग्याचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहेच. मिहानमधल्या आयआयएममध्येही पीएचडी होते. तिथे विद्यावेतन संस्थाच देते, पण कॅटसारख्या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेचे गुण लागतात आणि आकडेवारीची चांगली तयारी. ती नसेल तर तिकडे उगाच वर्ष घालवू नये, असं माझं मत.

परदेशात गोष्ट उलटी आहे. ब्रिटनमध्ये बऱ्याच विद्यापीठांत व्यवसाय आणि कायदा एकाच शाखेत नांदतात, म्हणजे तुमचा 'आणि' तिथे चालून जातो. तिथल्या संशोधन परिषदांचं विद्यावेतन २०२५-२६ ला वर्षाला २०,७८० पौंड होतं. मेख शुल्कात असते: कित्येक जाहिराती फक्त स्थानिक विद्यार्थ्याइतकंच शुल्क भरतात, वरचा फरक आपल्या खिशातून. जाहिरातीतली ती ओळ आधी वाचा, मग प्रस्ताव लिहायला बसा. अनुसूचित जातीचे असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएचडीला ४० वयापर्यंत चालते.

राजीनाम्याची घाई करू नका. पूर्णवेळ फेलोशिप घेतली की पगारी नोकरी चालत नाही, हे खरं. पण नोंदणीचं पत्र आणि फेलोशिपचं पत्र, दोन्ही हातात येऊ द्या. मला मिळालेल्या फेलोशिपचं नाव घेत नाही, पण पहिला हप्ता आठ महिन्यांनी आला. तोवर घरभाडं मामांनी भरलं, त्यांचं स्वतःचं बिल थकलेलं असताना.