पेटंट रद्द केली तर औषधं स्वस्त होतील का?

जुनी औषधं काही काळ स्वस्त होतील, पण नवी येणं मंदावेल. म्हणून पेटंट रद्द करण्याऐवजी त्याला मुदत आणि अटी असाव्यात. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात हा सौदा स्पष्ट दिसतो: शोध लावणाऱ्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं मक्तेदारी, बदल्यात शोधाची पूर्ण कृती लिहून द्यायची. ती जाहीर होते, इतर संशोधक वाचतात आणि मुदत संपली की कोणीही ते औषध बनवू शकतो. आधी याच कायद्यात औषधाला नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. त्या काळात तीच औषधं वेगळ्या पद्धतीने स्वस्तात बनवणारा आपला जेनेरिक उद्योग उभा राहिला, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. औषधांवरचं पेटंट २००५ पासून आलं.

मात्र किंमत आवाक्याबाहेर असेल तर नुसतं पेटंट समाजाच्या कामाचं नाही. त्यासाठी कलम ८४ आहे: पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते औषध बनवण्याची सरकारी परवानगी, मागता येतो. २०१२ मध्ये जर्मन कंपनी बायरच्या 'नेक्सावर' या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला असा परवाना मिळाला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांच्या आसपास आला आणि बायरला रॉयल्टीही मिळत राहिली.