बीए सायकॉलॉजी पूर्ण करायला नक्की काय काय लागतं?

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या डिग्रीला किमान 120 क्रेडिट (पेपर पास झाल्यावर जमा होणारे अंक) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. सगळेच पेपर सायकॉलॉजीचे नसतात हं, मायनर (दुय्यम विषय), भाषा, पर्यावरण वगैरे पण पास व्हावंच लागतं. खरी गोची होते ती स्टॅटिस्टिक्स आणि प्रॅक्टिकलला, बरेच जण गणित सुटलं म्हणून आर्ट्सला येतात आणि इथे स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन समोर उभं 😄 जर्नल वेळच्या वेळी लिहा, शेवटच्या आठवड्यात रात्री जागून होत नाही ते. चौथ्या वर्षी रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के लागतात. आणि नुसत्या बीएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला पुढचं शिक्षण आणि आरसीआयचं (भारतीय पुनर्वसन परिषदेचं) रजिस्ट्रेशन लागतं.