टाळेबंदी, ताळेबंद आणि मधेच घुसलेली 'ताळेबंदी'

प्रश्न सांगलीचा आहे. एका पतसंस्थेच्या अहवालात 'ताळेबंदीमुळे वसुली घटली' असं छापलंय आणि पान उलटलं की संस्थेचा 'ताळेबंद'. शब्द एकच का? शुद्ध कोणता?

शब्द दोन, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'ताळेबंदी' हा मात्र छापखान्यात जन्मलेला तिसरा.

'टाळे' म्हणजे कुलूप, पण आपल्याकडे दोन्हींत फरक करतात. घराला कुलूप घालतात. टाळं ठोकतात ते जप्तीत, नाहीतर कारखान्याला. 'टाळेबंदी' आली ती कारखान्याच्या फाटकावरून. कामगार करतात तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे दोन्ही प्रकार वेगळे धरले होते. 24 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून 21 दिवस देश बंद झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी हाच शब्द उचलला. अर्थ थोडा उलटाच झाला, कारण या खेपेला टाळं सरकारचं होतं आणि मालकही बाहेरच. मग पगार कोणी द्यायचा? 29 मार्चला केंद्राने मालकांना पूर्ण पगार द्यायला सांगितलं आणि 18 मेपासून तो आदेश मागे घेतला. कुपवाडच्या एमआयडीसीतला छोटा कारखानदार आणि त्याचा कामगार, दोघंही या मधल्या दिवसांत अडकले.

'ताळा' म्हणजे जुळणी, आणि 'ताळेबंद' म्हणजे संस्थेची देणी-येणी जुळवून दाखवणारा तक्ता. पडताळा, ताळमेळ, ताळ्यावर येणे ही सगळी त्याच घरातली. जुनी माणसं गुणाकाराला नऊचा ताळा लावत. 23 गुणिले 14 बरोबर 322. पहिल्या आकड्याची बेरीज 5, दुसऱ्याची 5. पाच पाचे 25, त्याचे 7. उत्तराची बेरीजही 7. ताळा बसला. पण घाईत 322 चे 232 लिहिले तरी ताळा बसतोच! ताळेबंदाचंही तसंच आहे. देणी आणि येणी जुळली म्हणजे आकडे खरे, असं नाही.

गोंधळ बहुधा हिंदीच्या 'तालाबंदी'मुळे. तिथे 'ताला' म्हणजे कुलूप. तो मराठीत आणताना ल चा ळ केला आणि त चा ट करायचा राहिला.

या दोन शब्दांची 2020 साली खरीखुरी गाठ पडली, हेही खरं. टाळेबंदी लागली आणि आठवड्यावर 31 मार्च होता. तासगावचा बेदाणा शीतगृहात, सांगलीची हळद गोदामात, आणि सौदे बंद. वर्षअखेरच्या शिल्लक मालाची किंमत धरताना खरेदीची किंमत की विक्रीतून हाती येईल ती, यांतली कमी असेल ती घ्यायची असते. सौदाच नाही तर भाव कुठला लावायचा? मोजदाद करायला माणूस गोदामापर्यंत पोहोचेना, ते वेगळंच. द्राक्षांना गिऱ्हाईक नाही म्हणून अनेकांनी ती बेदाणा वाळवायच्या रॅकवर टाकली. त्यामुळे शिल्लक माल वाढला आणि तो तारण ठेवून काढलेलं कर्जही.

बँकांपुरता रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला तोडगा काढला: मार्च ते मेचे हप्ते पुढे ढकलायची मुभा, जी नंतर 31 ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला, व्याज चालूच राहिलं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात नसतात, त्यामुळे ती मुभा त्यांना आपोआप लागू झाली नाही. वसुली थांबली की ताळेबंदात 'येणे व्याज' फुगतं. ते हातात आलेलं नसताना नफ्यात धरलं तर ताळेबंद जुळतो, पण तिजोरीत काही नसतं. म्हणून देण्यांच्या बाजूला थकव्याजाची तरतूद, म्हणजे त्यापोटी बाजूला धरलेली रक्कम, दाखवावी लागते. अहवाल वाचताना आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

आता दुरुस्ती. अहवालात 'टाळेबंदीमुळे वसुली घटली' असं हवं. संगणकावर बदलताना 'ताळेबंदी' एवढंच शोधा. नुसतं 'ताळेबंद' शोधून सगळीकडे ट केलात तर पुढच्या पानावर '31 मार्चअखेरचा टाळेबंद' छापून येईल, आणि सभेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. एप्रिल 2021 बद्दल लिहायचं असेल तर 'निर्बंध' लिहिलेलं बरं; तेव्हाचे आदेश 'ब्रेक द चेन' या नावाखाली निघाले होते.