स्मार्ट थर्मोस्टॅट अ‍ॅपवरून चालतो पण व्हॉइस असिस्टंटला सापडत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की थर्मोस्टॅट भिंतीवर बसलाय, त्याच्या अ‍ॅपमधून तापमान कमीजास्त होतं, स्पीकर पण त्याच वायफायवर आहे, तरी बोलून सांगितलं की कधी "असं डिव्हाइस सापडलं नाही" तर कधी "डिव्हाइस उत्तर देत नाहीये" असं ऐकू येतं, आणि आता थर्मोस्टॅटच बदलू का असं विचारताय. बदलू नका, प्लीज. अ‍ॅपमधून चालतोय म्हणजे मशीन ठणठणीत आहे, घोळ मधल्या जोडणीत आहे आणि तो बहुतेक वेळा घरबसल्या सुटतो.

आधी हे समजून घ्या की नेहमीच्या पद्धतीत स्पीकर आणि थर्मोस्टॅट एकमेकांशी बोलतच नाहीत. तुमचा आवाज जातो असिस्टंटवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिथे वाक्याचा अर्थ लागतो, मग तो सर्व्हर थर्मोस्टॅटवाल्या कंपनीच्या सर्व्हरला निरोप देतो आणि तिथून तो निरोप तुमच्या भिंतीपर्यंत येतो, आणि हे सगळं इतक्या पटकन होतं की आपल्याला वाटतं दोन्ही डबे शेजारी शेजारी बसून बोलतायत. त्यामुळे दोन्ही एकाच वायफायवर असण्याने काही साधत नाही. साधतं ते दोन कंपन्यांकडची तुमची दोन अकाउंटं एकमेकांना नीट जोडलेली असण्याने. म्हणूनच इंटरनेट गेलं की आवाजाचा कंट्रोल बंद पडतो पण भिंतीवरची बटणं चालूच राहतात.

आता जोडणी. अलेक्सा असेल तर तिच्या अ‍ॅपमध्ये थर्मोस्टॅटच्या कंपनीचं स्किल (म्हणजे अलेक्साला त्या कंपनीशी जोडणारं छोटं अ‍ॅप) शोधून इनेबल, म्हणजे चालू करायचं, गूगल असेल तर गूगल होम अ‍ॅपमध्ये नवीन डिव्हाइस जोडताना "वर्क्स विथ गूगल होम" मधून कंपनीचं नाव निवडायचं. मग एक लॉगिनचं पान उघडतं आणि इथेच बरेच जण अडकतात. ते पान थर्मोस्टॅटच्या कंपनीचं असतं, त्यामुळे तिथे थर्मोस्टॅटच्या अ‍ॅपचाच ईमेल पासवर्ड द्यायचा. आणि तो ईमेल कुणाचा आहे ते नक्की बघा, कारण खूप घरांत थर्मोस्टॅट बसवताना अकाउंट नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ईमेलवर उघडलेलं असतं आणि जोडताना दुसराच स्वतःचं अकाउंट टाकतो, ते अकाउंट खरं असतं, लॉगिन होतं, "यशस्वीरीत्या जोडलं" असं हिरवं टिकमार्क पण येतं, फक्त त्या अकाउंटमध्ये एकही थर्मोस्टॅट नसतो. एरर येत नाही म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. लॉगिननंतर काही कंपन्या परवानगीचं आणखी एक पान दाखवतात, कुठल्या घरातली उपकरणं असिस्टंटला दिसू द्यायची ते विचारतात. तिथला स्विच ऑन न करता घाईत पुढे गेलात तरी परिणाम तोच, जोडलं गेलं पण दिसत काहीच नाही.

गूगलचा नेस्ट थर्मोस्टॅट असेल तर एक वेगळी गोष्ट. "वर्क्स विथ नेस्ट" नावाची जुनी पद्धत होती, तिच्यात ऑगस्ट २०१९ नंतर नवीन जोडण्या घेणं गूगलने थांबवलं, तेव्हा त्याआधीचे लेख किंवा व्हिडिओ बघून करत असाल तर त्यातल्या पायऱ्या आता जुळणार नाहीत. जुनं नेस्ट अकाउंट असेल तर आधी ते गूगल अकाउंटवर न्या, मगच अलेक्साच्या नादी लागा.

जोडून झालं की अलेक्साला "डिस्कव्हर माय डिव्हाइसेस" किंवा गूगलला "सिंक माय डिव्हाइसेस" म्हणा. मग नाव बदला. अ‍ॅपने आपोआप दिलेली लांबलचक नावं असिस्टंटला नीट ऐकू येत नाहीत, आणि खोलीचं किंवा ग्रुपचं नाव आणि थर्मोस्टॅटचं नाव एकच ठेवलं तर असिस्टंटचा गोंधळ होतो. छोटं, बोलायला सोपं, घरात दुसऱ्या कशालाच नसलेलं नाव द्या.

यानंतरही अडलं तर माझं कळकळीचं सांगणं आहे की असिस्टंट नेमकं काय वाक्य बोलतो ते ऐका, कारण बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे त्या वाक्यातच असतं. "या नावाचं डिव्हाइस नाही" म्हणजे निरोप थर्मोस्टॅटच्या कंपनीपर्यंत गेलाच नाही, नाव किंवा अकाउंट तपासा. "डिव्हाइस उत्तर देत नाही" म्हणजे नाव ओळखलं, पण एकतर तेव्हा थर्मोस्टॅट नेटवर नव्हता किंवा अकाउंटांची जोडणी तुटलीय (थर्मोस्टॅटच्या अ‍ॅपचा पासवर्ड बदलला की असं होऊ शकतं, मग स्किल डिसेबल करून परत इनेबल करायचं). आणि "थर्मोस्टॅट बंद आहे" किंवा "या मोडमध्ये तापमान बदलता येत नाही" असं आलं तर जोडणी छान चाललीय, नकार खुद्द थर्मोस्टॅट देतोय आणि असिस्टंट फक्त तो आपल्याला वाचून दाखवतोय.

हा मोडचा प्रकार जरा सविस्तर सांगतो कारण यात जोडणीला उगाच दोष दिला जातो. समजा थर्मोस्टॅट ऑटोवर आहे, म्हणजे हीटिंग २० ला आणि कूलिंग २४ ला असे दोन आकडे लावलेत. आता तुम्ही म्हणालात "२२ कर". कुठला आकडा २२ करायचा, वरचा की खालचा? काही मॉडेल स्वतः ठरवतात, काही सरळ नकार देतात, आणि दोन आकड्यांत ठरावीक अंतर ठेवावंच लागत असल्याने कधीकधी "फार जवळ आहेत" असंही सांगतात. तेव्हा आधी मोड सांगा, "कूलवर कर", मग आकडा सांगा. इको मोड (वीज वाचवणारा मोड) चालू असेल तर तो आधी बंद करायला सांगा. अजून एक, कूलिंग नुकतंच बंद झालं असेल तर कंप्रेसरला जपण्यासाठी थर्मोस्टॅट तो काही मिनिटं, साधारण ५, परत सुरू करत नाही, त्यामुळे असिस्टंट "ओके" म्हणाला आणि थंड हवा आली नाही म्हणून तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देऊ नका, स्क्रीनवर आकडा बदलला असेल तर काम झालेलं आहे.

तुमच्याकडे कधी चालतं कधी नाही असं होतंय ना, मग वीजपुरवठा पण बघा. थर्मोस्टॅटला सी वायर (सतत वीज मिळावी म्हणून जोडलेली वेगळी तार) नसेल तर त्याला सतत वीज मिळत नाही, तो बॅटरीवर किंवा दुसऱ्या तारांमधून थोडी थोडी उचलून भागवतो आणि वीज कमी पडली की वायफाय सोडून देतो. सेटिंगमध्ये व्होल्टेज किंवा बॅटरी दिसते ती बघा. या सिस्टीममधल्या तारा साधारणपणे २४ व्होल्टच्या असतात, पण काही हीटरना थेट घराच्या मेन लाइनची वीज असते आणि ते उघडणं जिवावर बेतू शकतं, म्हणून तारांचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, यात काटकसर नको. वायफायचं म्हणाल तर खूप थर्मोस्टॅट वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर चालतात, ५ च्या नाही, राउटर बदलल्यावर गायब झाला असेल तर पहिला संशय त्याचाच घ्यायचा.

आता मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जोडता यावीत म्हणून केलेलं एक सामाईक स्टँडर्ड. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, आणि थर्मोस्टॅटवर त्याचं चिन्ह असेल तर जोडणी घरातल्या घरात होते, कोड स्कॅन करायचा की झालं, आणि एकाच थर्मोस्टॅटला अलेक्सा, गूगल, अ‍ॅपल असे एकापेक्षा जास्त असिस्टंट जोडता येतात. इथे मात्र नेटवर्क एकच लागतं, गेस्ट वायफायवर ठेवलात तर सापडणार नाही. सिरी वापरणार असाल तर घरात होमपॉड किंवा अ‍ॅपल टीव्ही हब म्हणून असला की घराबाहेरूनही चालतं. आणि मॅटरने जोडल्यावर त्याच असिस्टंटमधलं जुनं स्किल काढून टाका, नाहीतर तोच थर्मोस्टॅट यादीत दोनदा दिसतो आणि असिस्टंट दरवेळी "कुठला?" विचारत बसतो.

एवढी खटपट कशाला असं वाटेल, पण आमच्या आईला त्या स्क्रीनवरचे बारीक आकडे दिसत नाहीत आणि रात्री उठून भिंतीपर्यंत जाणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, ती अंथरुणातूनच सांगते आणि खोली उबदार होते, त्यामुळे घरात म्हातारी माणसं असतील तर हे नक्की करून घ्या असंच मी म्हणेन.

तर तुम्ही आधी अकाउंट कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा, मग स्किल काढून परत घाला, मग नाव छोटं करा, आणि मोड कूल किंवा हीटवर ठेवून एकदा बोलून बघा. तरी नाही झालं तर थर्मोस्टॅटचं मॉडेल, तेव्हाचा मोड आणि असिस्टंट जे वाक्य बोलला ते जसंच्या तसं लिहून पाठवा, मी बघून सांगतो.