तांगसांची रेघ कुठून ओढायची?

प्रश्न : एका लेखात अरुणाचलमधल्या तांगसा जमातीला ‘नागा’ म्हटलं आहे, दुसऱ्यात ‘म्यानमारमधून आलेले’. कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्यांच्या स्थलांतराचा नकाशा करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : नावापासूनच करा, कारण घोळ तिथेच होतो. ‘तांग’ म्हणजे डोंगर, ‘सा’ म्हणजे लेकरू. हे सामाईक नाव स्वातंत्र्यानंतर सरकारदरबारी रुळलं. माणूस आजही स्वतःची ओळख मुकलोम, तिखाक, मोसांग अशा पोटजमातीनेच देतो. तेव्हा सगळ्यांसाठी एकच बाण काढू नका. तिखाक, योंगकुक, मुकलोम हे भारत-म्यानमार सीमेवरची पटकाई डोंगररांग ओलांडून आधी आलेले. स्वतःला पांगवा म्हणवणारे गट नंतरचे.

‘आलेले’ हा शब्दही जपून वापरा. आजची सीमारेषा नंतर पडली. अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यातल्यांचे भाऊबंद पलीकडे म्यानमारच्या सागाइंग भागात राहतात. तिथे त्यांना तांगशांग म्हणतात. नकाशावर या सीमेवरची पांगसौ खिंड (सुमारे 1136 मीटर) ठळक दाखवा. आसाममधून म्यानमारमध्ये जाणारा दुसऱ्या महायुद्धातला लेडो रस्ता हीच खिंड ओलांडतो.

आता नेहमीच्या चुका. किमसिंग आणि चामचांग हा एकच गट, तांगलुम आणि चोलिम हाही एकच; यादी करताना हे दोनदा मोजले जातात. गाव हललं तरी नाव तेच राहू शकतं, म्हणून नुसत्या नावावरून ठिकाण ठरवू नका. जवळची नदी कोणती तेही विचारा. आणि मौखिक परंपरेतल्या पिढ्या मोजून सनावळी काढू नका. आकडा भारदस्त दिसतो, पण तो आपणच घातलेला असतो. घटनांचा क्रम दिलात तरी पुरे.

‘नागा’चं उत्तर कागदात सापडेल. अरुणाचलच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोणतीही नागा जमात’ अशी मोघम नोंद होती. 2021च्या दुरुस्तीने तिच्या जागी नोक्टे, तांगसा, तुत्सा, वांचो ही नावं आली. जुना दाखला वाचताना वर्ष आधी बघा.

प्रश्न : त्यांची स्वतंत्र लिपी आहे का?

उत्तर : आहे. लाखुम मोसांग यांनी घडवलेली. तिच्यात उच्चाराचा सूर (चढ-उतार) बदलला की स्वराचं अक्षरही बदलतं. रोमन लिपीत नेमका हाच सूर निसटतो. रोमन लेखनही चालतंच. 2021मध्ये युनिकोड 14.0मध्ये (युनिकोड म्हणजे संगणकावरच्या लिप्यांचं जागतिक मानक) मोसांग यांच्या लिपीला जागा मिळाली. जुन्या फोनवर मात्र अक्षरांऐवजी चौकोन दिसतील. त्यासाठी फाँट वेगळा टाकावा लागतो.